अडुळसा, पुडी आणि पंप : नागपुरातल्या दम्याचं एक प्रकरण

रुग्ण ३६ वर्षांची विवाहित स्त्री, जुन्या नागपुरात राहणारी. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. घरचा धंदा मसाल्याचा, पुढच्या पडवीतच कांडप यंत्र. तक्रार अशी की पहाटे तीन-चारच्या सुमारास छाती आवळून येते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, खोकल्याची उबळ थांबत नाही, आणि मिरचीचा हंगाम लागला की हे सगळं दुपटीने वाढतं. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे माझ्या दवाखान्यात सतत विचारला जाणारा प्रश्न : "मॅडम, दम्यावर घरचं काही चालते का?" याला हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने कोणाचंच भलं होत नाही. या एका घरात जवळजवळ सगळे घरगुती उपाय एकाच वेळी चालू होते. त्यातले काही निरुपद्रवी निघाले, काहींचा थोडा उपयोग झाला, एकाने हळूच त्रास दिला आणि जो सगळ्यांत गुणकारी वाटत होता त्यानेच तिला मरणाच्या दारात नेलं. म्हणून प्रत्येकाचा हिशोब वेगळा मांडला पाहिजे.

घरात काय काय चालू होतं

बाईंना लहानपणापासून सकाळी शिंका, नाक गळणं, पावसाळ्यात छातीत घरघर. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्रास वाढला तेव्हा एका डॉक्टरांनी दम्याचं निदान करून दोन पंप लिहून दिले : एक रोज घ्यायचा, सूज कमी करणारा, आणि दुसरा निळा, साल्ब्युटामॉलचा, दम लागला की घ्यायचा. काही महिने दोन्ही घेतले, बरं वाटलं आणि रोजचा पंप सुटला. कारणं नेहमीचीच. महिन्याला लागणारा पैसा, आणि शेजारपाजारच्यांनी मनात भरवलेलं "एकदा पंप लागला का तो सुटत नाही". निळा पंप मात्र कपाटात राहिला. जीव घाबरा झाला की काढायचा, दोन फवारे मारायचे, परत ठेवायचा.

दम्याच्या बाबतीत सगळ्यांत जास्त घडणारी आणि सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट हीच आहे. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. त्या सुजेमुळे नळ्या चिडक्या होतात आणि धूळ, धूर, थंडी, परागकण यांतलं काही लागलं की भोवतीचे स्नायू आवळतात. निळा पंप स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून फक्त साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

रोजचा पंप सुटला ती जागा सासूबाईंनी भरून काढली. सत्तरीच्या बाई, माहेर काटोलकडचं, हाताला गुण असलेल्या म्हणून वस्तीत नाव. त्यांचा अडुळसा करायची पद्धत मी पुढे स्वतः पाहिली. अडुळशाचं ताजं पान कुटलं तर रस फारसा निघत नाही. त्या पानं धुऊन, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर झाकण ठेवून वाफवायच्या, गरम असतानाच फडक्यात पिळायच्या. हिरवट काळा, जिभेवर ठेवला की तोंड वाकडं व्हावं असा कडू रस. त्यात चमचाभर मध. शिवाय दिवसातून दोनदा आलं, तुळस, मिरे, लवंग, गवती चहा आणि गूळ घालून काढा, रात्री हळद-दूध, छातीला ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, दम लागला की निलगिरी तेल टाकून वाफ, आणि दिवसभर गालात ज्येष्ठमधाची काडी.

आणि पथ्य. दही बंद, केळं बंद, थंड पाणी बंद, आणि संत्रं तर अजिबात नाही. संत्र्याच्या बागा असलेल्या माहेरच्या सासूबाई, आणि सुनेने कित्येक वर्षांत एक फोड तोंडात घातली नव्हती! मला या गोष्टीचं फार वाईट वाटलं. एखाद्या पदार्थाची खरोखर ॲलर्जी असेल तर तो टाळायलाच हवा. पण आंबट किंवा थंड म्हणून सरसकट फळं बंद केल्याने दमा कमी होतो याला आधार नाही.

यात ऑक्टोबरमध्ये आणखी एक भर पडली. कोजागिरीला दम्याचं औषध खिरीतून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बाईंनी ती खीर घेतली, तिचा फरक कोणाला जाणवला नाही. पण तिथेच तिच्या भावाला कोणी तरी "शंभर टक्के जडीबुटी" अशी पुडी सांगितली. त्याने आणून दिली. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर मधातून.

पुडीने कमाल केली. तीन-चार दिवसांत रात्रीचा दम गेला. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात बाई अंगणात उभ्या राहिल्या. अडुळसा, काढा, वाफ हे सगळंही चालूच होतं, त्यामुळे घरात श्रेय वाटून घेतलं गेलं. जानेवारीच्या मध्यावर पुडी संपली आणि पुडीवाला गाठ पडेना. इकडे कळमन्याच्या बाजारात नवी लाल मिरची यायला लागली होती आणि कांडप यंत्र दिवसभर घरघरत होतं.

ती रात्र

जानेवारीचा शेवटचा आठवडा, नागपूरची कडाक्याची थंडी. दिवसभर भिवापुरी मिरची कांडून झाली होती. रात्री एकच्या सुमारास दम सुरू झाला. निळा पंप काढला, पण त्याची मुदत उलटून गेली होती आणि आत औषधही बहुधा संपलेलं होतं. फुसफुस नुसता वायू येत होता. मग वाफ. मग काढा. परत वाफ, या वेळी निलगिरी जास्त. तिसऱ्या वाफेला बाईंनी चादर फेकून दिली आणि खिडकीशी जाऊन बसल्या. तोवर साडेचार झाले होते.

पाच वाजता माझ्याकडे आणलं. दोन शब्दांच्या वर बोलता येत नव्हतं. श्वास मिनिटाला ३२, नाडी १२८, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८८. छातीला नळी लावली तर शिट्ट्या फार ऐकू येत नव्हत्या. घरच्यांना वाटलं, आवाज कमी झाला म्हणजे उतार पडला. हे इथे ठासून सांगते : तीव्र दम लागलेला असताना छाती शांत होणं हे भयंकर लक्षण आहे. शिट्टी वाजायलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते.

ऑक्सिजन, नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, आणि १०८ला फोन. गाडी येईपर्यंत ऑक्सिजन ९२वर आला. पुढे चार दिवस रुग्णालयात.

तिथे एका तरुण डॉक्टरने सगळ्यांसमोर सासूबाईंना सुनावलं की तुमच्या काढ्यांनी सुनेचा जीव घेतला असता. बाई घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडीही फेकून दिली होती. त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाल्या, "मॅडम, म्या काय वाईट केलं जी तिचं? काढाच तं देऊन राहिली होती."

दोष नक्की कशाचा

त्या प्रश्नाला उत्तर देणं माझं काम होतं आणि उत्तर द्यायला सगळं पुन्हा तपासावं लागलं.

मी बाईंचा चेहरा नीट पाहिला. गाल भरून आले होते, चेहरा गोल झाला होता. पोटावर जांभळट रेघा, दंडावर कुठेही लागलेलं आठवत नसताना काळेनिळे डाग. दिवाळीनंतर वजन सहा किलोंनी वाढलं होतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पुडी सुरू झाली अन् भूक अशी लागे मॅडम, का जेवून उठली का पुन्हा खावं वाटे." उपाशीपोटी साखर १६८, पूर्वी कधीच वाढलेली नव्हती. रुग्णालयातल्या चार दिवसांच्या औषधाने साखर वाढू शकते, पण पोटावरच्या रेघा चार दिवसांत उमटत नाहीत. काही महिने पोटातून स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचं हे चित्र आहे.

दम्याच्या "आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांमध्ये डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी स्टेरॉइडं मिसळलेली सापडल्याची उदाहरणं आपल्या देशात वारंवार नोंदली गेली आहेत. पुडीचा गुण येतो तो यामुळे. असं औषध रोज पोटात जात राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात. मग पुडी एका दिवसात बंद झाली की दुहेरी फटका बसतो. नळ्यांची दबलेली सूज उसळते आणि संकटाच्या वेळी लागणारं शरीराचं स्वतःचं संरक्षणही हजर नसतं. या बाईंच्या बाबतीत नेमकं त्याच पंधरवड्यात मिरचीची भुकटी हवेत होती. मिरचीतल्या कॅप्सायसिनने श्वासनळ्यांतल्या मज्जातंतूंची टोकं थेट चेतवली जातात. धडधाकट माणसाला ठसका लागतो, सुजलेल्या नळ्यांच्या माणसाचा दम कोंडतो.

दोष मी असा लावला. पहिला, रोजचा पंप बंद. दुसरा, पुडी आणि ती अचानक तुटणं. तिसरा, कांडप. काढा या यादीत नव्हता. त्या रात्री एक ते साडेचार हा वेळ वाफेत गेला एवढं मात्र खरं, आणि तो वेळ फार मोलाचा होता. सासूबाईंना मी हे तसंच सांगितलं. काढ्याने काही बिघडलं नाही आजी, पण काढा दवाखान्याच्या जागी आला तिथे बिघडलं.

एक अपवाद सांगायला हवा. ज्येष्ठमध. घसा बसला की दोन दिवस काडी चघळली तर काही होत नाही. पण रोज, महिनोन्‌महिने चघळल्यावर त्यातलं ग्लिसऱ्हायझिन रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. साल्ब्युटामॉल जास्त घेतलं तरी पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडनेही उतरतं. रुग्णालयाच्या कागदावर तिचं पोटॅशियम ३.१ होतं, ते ३.५च्या खाली जायला नको. पायात येणारे गोळे ती थकव्यावर ढकलत होती. ती काडी मी बंद केली.

झाडपाल्याशी माझं भांडण नाही

सासूबाईंची खात्री पटवायला मला झाडांबद्दलच बोलावं लागलं, आणि ते बोलताना मला मनापासून आनंद झाला. कारण दम्याच्या औषधांचा इतिहास हा झाडपाल्याचाच इतिहास आहे.

त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील दम लागला की धोतऱ्याची वाळलेली पानं विडीत भरून ओढत. ही रीत फार जुनी. १८०२च्या सुमारास ती मद्रासकडून इंग्लंडात गेली आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षं तिथे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं, ते नळ्या सैल करतं, पण सोबत भ्रम, झटके, मृत्यूही आणतं, कारण कुठल्या पानात किती हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच ॲट्रोपिनमध्ये रासायनिक बदल करून इप्राट्रोपियम बनलं. त्या पहाटे नेब्युलायझरमध्ये मी घातलेलं दुसरं औषध तेच. चीनमध्ये शतकानुशतकं वापरल्या जाणाऱ्या एफेड्रा या झुडपातून नागाई या जपानी शास्त्रज्ञाने १८८५मध्ये नळ्या सैल करणारं इफेड्रिन वेगळं केलं. इजिप्तकडच्या एका रानटी झाडाच्या बियांपासून सुरुवात करून रॉजर अल्तुन्यान या स्वतः दमेकरी असलेल्या डॉक्टरने १९६५मध्ये दमा उसळू नये म्हणून आधीच घ्यायचं क्रोमोग्लायकेट शोधलं, तेही स्वतःवर प्रयोग करून. आणि अडुळसा! त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सीन तयार झालं, त्यापासून ॲम्ब्रोक्सॉल. आज दुकानातल्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत हेच असतं.

म्हणजे आजींचा अडुळसा खोटा नव्हता. तो कफ पातळ करतो, बाहेर यायला मदत करतो. पण ब्रोमहेक्सीन शुद्ध रूपात, मोजून दिलं तरी ते दम्याच्या सुजेवरचं औषध नाही, मग पानाचा रस कुठून असणार? झाडात औषध असतं हे मान्यच. कुठलं, किती, आणि ते रोगाच्या कुठल्या भागावर चालतं, हे तीन प्रश्न उरतातच. (गर्भारपणात अडुळसा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतो. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तं आमची मायही सांगे.")

मोजून पाहिलं

दम्याचं निदान तरी पक्कं आहे का, हे आधी पाहिलं. थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही याची खात्री झाली होती. स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १.४२ लिटर आली, साल्ब्युटामॉलनंतर १.८० लिटर. वाढ ३८० मिलिलिटर, म्हणजे जवळपास २७ टक्के. १२ टक्के आणि २०० मिलिलिटर या दोन्हींहून जास्त वाढ झाली की दम्याला पुष्टी मिळते.

पोटातलं स्टेरॉइड हळूहळू उतरवत नेलं, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (एक सूज कमी करणारं, दुसरं नळ्या सैल करणारं) पंप सकाळ-संध्याकाळ सुरू केला, आणि घरी एक पीक फ्लो मीटर दिलं. ही साधी प्लास्टिकची नळी असते. जोरात फुंकली की हवा मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडते ते काटा दाखवतो. पहिल्या आठवड्यात सकाळचा आकडा २३०च्या आसपास होता. पंप नियमित झाल्यावर तो चढत ३३०ला स्थिरावला.

मग मी आजींपुढे प्रस्ताव ठेवला. पंप एकही वेळ चुकवायचा नाही. त्याच्या जोडीने तुमचा एकेक उपाय एका वेळी करायचा. आधी फुंकून आकडा लिहायचा, तासाभराने पुन्हा फुंकायचं. मुलांच्या वहीचं मागचं पान त्यासाठी घेतलं आणि नातवाने रकाने आखले.

साध्या वाफेने आकडा हलला नाही. निलगिरी टाकलेल्या वाफेने उलट ३३०वरून ३००वर उतरला आणि खोकला आला. उग्र वासाने चिडक्या नळ्या आणखी आवळतात. वाफेने सर्दीत नाक मोकळं वाटतं एवढंच. आणि उकळतं पाणी सांडून भाजलेली लहान मुलं मी पाहिली आहेत, म्हणून मुलं असलेल्या घरात मी वाफेचं पातेलं नकोच म्हणते. काढ्याने आकडा तसाच, पण घशाची खवखव गेली, उबळ कमी झाली. अडुळसा-मधानेही आकडा तोच, कफ मात्र सुटला असं बाई सांगत. मधाने खोकल्याला आराम पडतो हे मुलांवरच्या अभ्यासांतही दिसलं आहे, पण वर्षाखालच्या बाळाला मध कधीच देऊ नये, बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो. हळद-दूध महिनाभर घेतलं, आकड्यावर काही फरक नाही. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. ओव्याचा शेक उबदार वाटे, झोप लागे, आकडा तोच.

कॉफीचं नवल वाटलं सगळ्यांना. कडक काळी कॉफी घेतल्यावर तासाभराने ३२५चा ३५० झाला. यामागे खरं कारण आहे. कॅफिन हे थिओफिलिनचं भावंड, आणि थिओफिलिन म्हणजे डेरिफायलिनच्या गोळीतल्या औषधांपैकी एक. एकोणिसाव्या शतकात हेन्री हाइड सॉल्टर या इंग्रज डॉक्टरने कडक कॉफी हा दम्यावरचा उत्तम उपाय म्हणून लिहून ठेवला होता. आजच्या अभ्यासांतही कॅफिनने फुप्फुसाची क्षमता थोडी सुधारते आणि तो परिणाम चार तासांपर्यंत टिकतो असं दिसतं. म्हणून तर स्पायरोमेट्रीच्या आधी काही तास चहा-कॉफी टाळायला सांगतात. पण वाढ एवढी थोडी की तीव्र दमात तिच्यावर विसंबणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. हातात काहीच नसेल तर गाडी येईपर्यंत प्यायला हरकत नाही.

घरात सगळ्यांचे डोळे उघडले ते मात्र वेगळ्याच नोंदीने. ज्या दिवशी कांडप चाले, त्या दिवशी संध्याकाळचा आकडा २६०. यंत्र बंद असलेल्या दिवशी ३३०. हे वहीत सलग दिसत होतं. नवऱ्याने ती वही दोनदा वाचली आणि त्याच आठवड्यात यंत्र मागच्या अंगणात नेलं. आता कांडप तो करतो, मिरचीला आधी तेलाचा हलका हात लावतो म्हणजे भुकटी कमी उडते. बाई पॅकिंग आणि हिशोब पाहतात. आजवरच्या कुठल्याही काढ्याने न दिलेले सत्तर लिटर त्या एका बदलाने दिले. एका बाईच्या वहीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मी जाणते. पण प्रत्येक दमेकऱ्याच्या घरात असं काही तरी एक असतं, आणि ते शोधायला अशी वहीच कामी येते.

बाटली

पंप घेऊनही गुण येत नाही अशी तक्रार असली तर मी आधी पंप कसा घेतात ते माझ्यासमोर करून दाखवायला सांगते. बाईंनी तोंड उघडून जिभेवर फवारा मारला आणि गिळला. औषध पोटात गेलं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, लावला की हा घोळ टळतो. औषध आधी नळकांड्यात थांबतं आणि सावकाश श्वासाबरोबर आत जातं.

त्यांच्याकडचा स्पेसर पडून फुटला होता. तेव्हा मी आजींना म्हटलं, दम्यावरचा एक घरगुती उपाय मला पक्का ठाऊक आहे, तुम्हीच करा. अर्धा लिटरची थंड पेयाची बाटली घ्यायची, साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाळवायची. तार वाकवून पंपाच्या तोंडाच्या आकाराचं कडं करायचं, ते तापवून बाटलीच्या बुडाला टेकवायचं म्हणजे तेवढंच भोक पडतं. प्लास्टिक गरम असतानाच पंपाचं तोंड त्यात बसवायचं आणि कडा डिंकाने बंद करायच्या. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, एक फवारा, मग पाच-सहा शांत श्वास. केप टाउनमधल्या अभ्यासात १९९९मध्ये अशा बाटलीची विकतच्या स्पेसरशी तुलना केली गेली, आणि दम लागलेल्या मुलांमध्ये दोन्हींचा गुण सारखाच आला.

आजींनी सांडशीत धरलेली तार गॅसवर लाल केली आणि पहिल्याच प्रयत्नात इतकं नेमकं भोक पाडलं की मला डिंक जेमतेम लावावा लागला. "हे तं माह्यावालं औषध झालं," त्या म्हणाल्या. पुढे विकतचा स्पेसर आणला तरी ती बाटली त्यांनी पंपाच्या जुन्या खोक्यात ठेवून दिली आहे, अडीअडचणीला म्हणून.

"सवय लागते" या भीतीचंही उत्तर मी आकड्यातच दिलं. रोजच्या पंपाच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड. दम उसळल्यावर पोटातून द्यावी लागणारी एका दिवसाची गोळी ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी आहेत, पण नुसत्या वजनाने पाहिलं तर एका दिवसाच्या गोळीत दोनशे फवारे बसतात, आणि गोळी सगळ्या अंगात फिरते, फवारा बहुतेक नळ्यांतच राहतो. पंपानंतर चूळ भरली की तोंडात बुरशी येत नाही. चष्म्याला जशी सवय लागल्याचं कोणी म्हणत नाही, तसंच हे.

आता

घरात आज एक कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. दम लागला की ताठ बसायचं, स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार फवारे एकेक करून. वीस मिनिटांत आराम नाही, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, यातलं काहीही असेल तर १०८. वाफ, काढा, मालिश काही नाही. पंपावरची मुदत दर महिन्याला पाहायची, ते काम नातवाकडे. सकाळच्या काढ्याला माझी हरकत नाही, तो पंपानंतर. प्राणायाम बाई करतात, त्याने लक्षणांना आणि मनाला थोडा फायदा होतो, मात्र दम लागलेला असताना कपालभाती नको. संत्री सुरू झाली आहेत.

एप्रिलमध्ये सकाळचा आकडा पुन्हा २९०वर आला. कूलर सुरू झाला होता. मागच्या उन्हाळ्यातल्याच ताट्या, त्यांना काळी बुरशी, टाकीत साचलेलं पाणी, आणि खिडकीऐवजी खोलीतच ठेवलेला कूलर, त्यामुळे दमट हवा तिथल्या तिथे फिरत होती. ताट्या बदलल्या, टाकी दर आठवड्याला रिकामी करून वाळवायला सांगितली, कूलर खिडकीत बसवला. आकडा ३२५वर आला. तीन महिने दमा आटोक्यात राहिला की पंपाची मात्रा कमी करायचा विचार करता येतो. मी ते अजून केलेलं नाही, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि पावसाळ्याची सुरुवात जाऊ देणार आहे.

साखर उतरली आहे, चेहरा पूर्ववत होतो आहे. भाऊ मात्र अजूनही म्हणतो की बहिणीला खरा गुण पुडीनेच आला होता. परवा कळलं की पुडीवाला त्याला पुन्हा भेटला आणि आता तो स्वतः गुडघ्यांसाठी तीच पुडी घेतो आहे, दोन महिने झाले. मी निरोप पाठवला आहे : पुडी आपल्या मनाने एकदम बंद करू नको, उरलेली सोबत घेऊन ये, आणि येताना उपाशीपोटी ये, साखर आणि रक्तदाब पाहायचा आहे.